श्रावणात उघडलेली बाटली

बाटली उघडली की काका ग्लास नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि बोट वर करून म्हणायचे, "थांब. तिला हवा लागून जरा मोकळी होऊ दे." मग पाऊण तास आम्ही भरल्या ताटांसमोर बसून. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याच्या घरी पोटात कावळे ओरडत असताना आधी भाषण ऐकावं लागतं.

कॅनडातल्या विंडसरमध्ये गाड्यांच्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा तिथलेच हे काका निवृत्तीला आले होते. दारूचं वेड त्यांना नव्हतं. वेड एकाच वाइनचं, अमारोनेचं. ही इटलीची, गडद लाल आणि चांगली दणकट. तिची द्राक्षं आधी काही महिने वाळवतात. काका तासगावचे. घरची द्राक्षबाग, घरचे बेदाणे. "आमच्या बेदाण्याच्या शेडचा वास आहे गं हिला," म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

तिच्याबरोबर काय खायचं, याचे नियम कडक. सुकं मटण चालेल, पण खोबरं खरपूस भाजलेलं आणि तिखट बेतानं. खिमा चालेल. जुनं, कडक चीज तर पळेल. पापलेट दिसलं की बाटली परत कपाटात. मी नागपूरची. एकदा हौसेनं सावजी मटण करून नेलं. काकांनी एक घास खाल्ला, एक घोट घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "सॉरी, पण या दोघी एका घरात नांदायच्या नाहीत." त्या दिवशी आम्ही मटणाबरोबर ताक प्यायलो.

बाग सोडून काका कॅनडाला आले, ते धाकट्या भावाच्या मनातून उतरले. वडील गेले तेव्हाही ते वेळेत पोचले नाहीत. नंतर भावाचे फोन यायचे, पण कामापुरते. काकू गेल्यावर मात्र काकांनी हट्टच धरला आणि त्याला बोलावून घेतलं. मला म्हणाले, "माझ्या टेबलाशी बसून त्यानं एक घोट घेतला ना, की मी समजेन, त्यानं मला माफ केलं."

व्हेदर छान असतं म्हणून तिकीट ऑगस्टचं बुक केलं. भाऊ आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळपासून मटण शिजत होतं. बाटली उघडली गेली, ती मोकळीही झाली. काका ओतायला गेले आणि भावानं ग्लासवर तळवा ठेवला.

"दादा, श्रावण आहे."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आय टोटली फरगॉट! कॅलेंडर तरी बघायचं मी!" आणि धावतपळत पिठलं टाकलं. भाऊ खाली मान घालून जेवला. मटण माझ्या डब्यातून माझ्या घरी आलं. माझ्याच्यानं ते खाववलं नाही.

पुढे कित्येक महिने काका स्वतःला शिव्या घालत होते. "काय मूर्ख मी! नेक्स्ट टाइम जानेवारीत बोलावतो. व्हेदर गेलं खड्ड्यात." नवी बाटलीही आणून ठेवली होती.

जानेवारी उजाडायच्या आतच काका गेले. मला त्यांची फार आठवण येते. रविवारी दुपारी तर घरात बसवत नाही. भूक लागलेली असावी आणि कुणीतरी आपल्याला थांबवावं, असं वाटत राहतं.

भावाला बातमी मीच कळवली. आधी त्यांनी कधी, कसं ते विचारलं.

"ताई," ते म्हणाले, "आमच्या घरात श्रावण पाळला तो आई होती तोवर. ती गेली तसा तोही सुटला. दादाला कुठलं माहीत असायला? म्हणून तर तसं म्हणालो मी. रागानं म्हणालो." मग विचारलं, "त्याला कळलं होतं का ओ?"

"नाही," मी म्हणाले. "ते स्वतःलाच बोल लावत राहिले."

"कळायला पाहिजे होतं ओ. भांडला तरी असता माझ्याशी."