न टोचलेला स्फटिक

विद्यार्थी तिला पाठीमागे सुईबाई म्हणतात, आणि ते तिला चांगलं ठाऊक आहे. प्रोटीन आणि डीएनए यांचे आकार कसे शोधायचे, हे ती पीएचडीला लागलेल्या मुलामुलींना शिकवते. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून एखादं पोर "मॅडम, क्रिस्टल!" म्हणून ओरडलं, की इतर मॅडम अभिनंदन करतात. ही विचारते, "टोचलास का?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कशानं पोळलं, ते मात्र पोरांना माहीत नाही.

तिचे वडील शिंपी होते. रस्त्याकडेला अरुंद दुकान, त्यात मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला टेकलेला कापडांचा ढीग. पोरगी पीएचडीला लागली तशी गिऱ्हाइकाचं माप घेताघेता ते सांगायचे, "आमची पोरगी प्रोटीन बघते." कुणी "बघते म्हणजे नेमकं काय करते?" असं विचारलं की मात्र त्यांची पंचाईत व्हायची. म्हणून एका सुट्टीत त्यांनी तिला समोर बसवून घेतलं.

तिनं सांगितलं. प्रोटीन म्हणजे लांबलचक माळ. ती स्वतःभोवती गुंडाळून ठरावीक आकार घेते. तिचं प्रोटीन डीएनएला धरून बसायचं, पण कसं धरतं, कुठं बोट घालतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. इतकं बारीक सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून त्याचे स्फटिक करायचे आणि त्यांवर क्ष-किरण सोडायचे.

"म्हणजे न उसवता शिवण बघायची," बाबा म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग घोडं अडलंय कुठं?"

घोडं स्फटिकांपाशीच अडलं होतं. काचेवर थेंब लावायचा, झाकायचा आणि वाट बघायची. थेंबात प्रोटीन असतं तसं मीठही असतं. पुष्कळदा प्रोटीन रुसून बसतं आणि मिठाचाच स्फटिक तयार होतो. दिसायला दोन्ही सारखेच देखणे. ओळखायचं तर सुई टोचायची. मीठ कडक, ते कट्ट करून फुटतं. प्रोटीनचा स्फटिक मऊ, त्याचा भुगा होतो.

सुईचं नाव निघताच बाबांनी डबी उघडली. सगळ्यांत बारीक सुई शोधून कापडाच्या तुकड्यात खोचली आणि तिच्या हातात दिली. "टोचायचं आणि मोकळं व्हायचं, पोरी. बघत काय बसायचं?"

तिनं खूप टोचलं. कट्ट. पुन्हा थेंब, पुन्हा वाट, पुन्हा कट्ट. बरोबरीचे पदवी घेऊन गेले, त्यांची लग्नं झाली, पोरं झाली. हिचं आपलं कट्ट चालूच.

आणि एक दिवस तो उगवला. सहा बाजूंचा, धारदार कडांचा, स्वच्छ. भोवती त्याची बारकी पिल्लावळ. तिचे सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "सुंदर आहे," ते म्हणाले. "मोठ्याला हात लावू नकोस. बारक्यांतला एक टोचून बघ आणि मला सांग. मग क्ष-किरणांच्या मशीनची तारीख मागू."

तिनं बाबांची सुई काढली. काच उघडली, सुई थेंबापर्यंत नेली आणि तशीच मागे घेतली. तिला भीती वाटली, दुसरं काही नाही. पुन्हा कट्ट ऐकायची तिच्यात ताकद उरली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं मूठ झाकलेलीच ठेवली. सरांना जाऊन सांगितलं, "टोचलं सर, भुगा झाला." मशीनवर खरंखोटं कळणारच आहे, तोवर तरी ते खरं असू दे, असं तिला वाटलं. एवढी शिकलेली बाई, पण वागली लॉटरीचं तिकीट न तपासता उशाखाली ठेवून झोपणाऱ्यासारखी!

क्ष-किरणांचं मोठं मशीन दुसऱ्या शहरात होतं. तारीख मिळाली, आणि लगेचच दादाचा फोन आला.

"बाबांना दवाखान्यात ठेवलंय. धाप लागते. डॉक्टर घाबरू नका म्हणतात, पण तू येऊन जा."

"दादा, आत्ताच तारीख मिळालीय रे. ही गेली तर पुढची कधी मिळेल, काही सांगता येत नाही."

"मग तूच बोल त्यांच्याशी."

बाबांचा आवाज बारीक झाला होता. "काय गं, उगवला म्हणे?"

"हो बाबा."

"सुई लावलीस?"

इथं तिला खरं बोलता आलं असतं. नाही लावली बाबा, धीर होत नाही, असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "लावली. प्रोटीनच आहे."

"माझीच लावलीस ना?"

"तुमचीच."

ते हसले, मग खोकले आणि फोन दादाकडे गेला. त्यानंतर दादाचा फोन आला नाही. म्हणजे बाबांना बरं वाटत असणार, असं ती धरून चालली. धरून चालायची तिला आता सवयच लागली होती.

मशीनच्या पडद्यावर चित्र उमटलं. प्रोटीन असतं तर बारीक ठिपक्यांची दाट रांगोळी दिसली असती. इथं मोजके काळे ठिपके, एकमेकांपासून लांब लांब. मशीन चालवणाऱ्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं, "मीठ आहे, मॅडम."

ती सामान आवरत असतानाच दादाचा फोन आला. ती घरी पोहोचली तेव्हा बाबा गेलेले होते.

ती दादावरच उखडली. "मधे एक फोन करता येत नव्हता तुला? मी सगळं टाकून आले असते!"

"करणारच होतो," दादा म्हणाला. "त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, कच्चा टाका असता तर मीच तिला म्हटलं असतं, सोड आणि ये. पण तिनं सुई लावून बघितलंय, शिवण पक्की आहे. आता तिला मधे उठवू नकोस."

थोड्या वेळानं आईनं विचारलं, "चांगलं निघालं ना गं तुझं ते?" तेव्हा ती उठून आत गेली.

परत गेल्यावर तिनं तो थेंब उघडला आणि एका पिल्लाला बाबांची सुई लावली. कट्ट. एवढं ऐकायला कितीसा वेळ लागला? आधी टोचलंच नव्हतं, हे तिनं सरांना सांगितलं. "मशीनची एक तारीख वाया गेली, एवढंच," सर म्हणाले. एवढंच नव्हतं, पण ते त्यांना काय सांगणार? पुढे दुसऱ्याच एका प्रोटीनवर तिला पदवी मिळाली. त्या दिवशी, यातलं काहीच माहीत नसलेल्या घरच्यांनी तिचं कौतुक केलं आणि तिला ते सोसवेना.

परवा तिची एक विद्यार्थिनी धावत आली. थेंबात एकुलता एक स्फटिक होता.

"टोचलास का?"

"मॅडम, एकच आहे हो! टोचला आणि प्रोटीन निघालं तर?"

"तर एक क्रिस्टल जाईल. पुन्हा करशील."

"पण मी आत्ताच घरी कळवलं, प्रोटीन मिळालं म्हणून. आई सगळ्यांना सांगत सुटली असेल."

सुईबाईनं खणातून कापडाचा जुना तुकडा काढला, त्यातली सुई सोडवली आणि मुलीच्या हातात दिली. मुलीनं भिंगात डोळा घातला, श्वास रोखला आणि टोचलं.

कट्ट.

मुलीचे डोळे भरून आले. सुईबाईनं तिला खुर्ची ओढून दिली, टेबलावरचा तिचा फोन उचलून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आईला लाव. आत्ताच सांग."