बारा आणे पिकलेला

परिशिष्ट तीन. विषयतज्ज्ञ: टी. जे. काकडे. मुक्काम पिंपळवंडी, तालुका जुन्नर. क्षेत्र: टोमॅटोची पक्वता. अनुभव: वीस वर्षे. प्रमाणित करण्यात येते की, प्रकल्पातील सर्व मूल्ये सदर तज्ज्ञांनी स्वतः तपासली आहेत. सही: केलेली.

गोरखच्या इंग्रजी प्रकल्प-अहवालातले हे टी. जे. काकडे म्हणजे त्याची चुलती, ठमाबाई.

२००५ साली गोरख आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. फोटो बघून टोमॅटो किती पिकलाय हे कॉम्प्युटरने सांगावं, असा त्याचा प्रकल्प. कॉम्प्युटरला फक्त कच्चा आणि पिक्का कळायचं. मधला तांबूस-पिवळा आला की तो वाटेल ती बाजू घ्यायचा. त्यावर इलाज फझी सेटचा. टोमॅटो पिकलेल्यांत आहे की नाही असं विचारायचं नाही, किती आहे ते विचारायचं आणि शून्य ते एकच्या मधला आकडा द्यायचा. आकडा कुणी द्यायचा, ते पुस्तकात नव्हतं.

काकूंना ते येत होतं. "ह्यो आठ आणं. ह्यो बारा. आठाचा लांब धाडायचा, बाराचा जुन्नरला." सोळा आणे म्हणजे पुरता पिकलेला, पण सोळा त्या कुणालाच देत नसत. "सोळा झाला की क्रेटातच फुटतो रं."

गोरखने दोनशे टोमॅटो त्यांच्यापुढे धरले, फोटो काढले, प्रत्येक उत्तराला सोळाने भागलं. प्रोग्रॅम शहाण्यासारखा चालू लागला.

परीक्षेच्या दिवशी ताज्या मालाचा क्रेट घेऊन काकूच आल्या. ट्यूबलाइटखाली पहिल्याच टोमॅटोला पडद्यावर अर्धा आला.

"आठ न्हाई, बारा हाय त्यो," काकू दारातून म्हणाल्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान वळवली. "या कोण?"

"क्रेट घेऊन आल्यात, सर."

हे खोटं नव्हतं. चार आणे खरं होतं.

"आणि यातलं तुमचं स्वतःचं काम किती?"

"सोळा आणे, सर."

परीक्षक खूश होऊन हसले. काकू रिकामा क्रेट उचलून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

परतताना एसटीत त्या म्हणाल्या, "मार्क चांगलं पडलं न्हवं? मग झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बुकात माजं नाव घालतो म्हनला व्हतास. दाव की."

गोरखने पान काढून दिलं. काकूंनी इंग्रजी अक्षरं जुळवत नाव वाचलं. मग बोट सहीवर आलं आणि तिथेच थांबलं. ती सही गोरखने आदल्या दिवशी डाव्या हाताने, इंग्रजीत ठोकली होती. काकूंना कुठली येतेय, असं धरून. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. नारायणगाव गेलं तरी तो तिकडेच बघत होता.

काकूंनी अहवाल मिटला, पदराने पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "जप. डाग पडतील."

ठमाबाई सातवी पास आहेत. सही त्या मराठीत करतात.