कातळाशी कुस्ती सोडली

मंडळी, कराडच्या सायबर कॅफेतून लिहितोय. बोटं खरचटलीत, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आज सकाळी कुंडलच्या डोंगरातला तो उभा कातळ मी पूर्ण चढलो. मागच्या तीन खेपांना निम्म्यावरच दोराला लटकलो होतो.

दोष माझ्या सवयीचा. मी तालमीत वाढलेला, त्यामुळे दगड हाती आला की समोरच्या पैलवानाचं मनगट धरल्यासारखा आवळायचो. खाली येईपर्यंत बोटं इतकी आखडायची, की माझ्या कमरेच्या दोराची गाठ खाली दोर धरणाऱ्या आमच्या संज्याला सोडावी लागायची.

तिसऱ्या खेपेनंतर शेजारच्या बाईंनी माझे हात बघितले. त्या शाळेत पीटी शिकवायच्या.

"दगडाला चीत करायचंय का तुला? सूर्यनमस्कार घालून दाखव."

मी झपाझप बारा घातले.

"आता एकच घाल. सावकाश, प्रत्येक हालचालीला एक लांब श्वास."

तो एक घालताना माझे पाय लटपटले. रोज शंभर जोर मारणारा मी.

दोन महिने पहाटे तेच केलं. आज निम्म्यावर मूठ आवळायला लागली, तसा श्वास सोडला, बोटं सैल केली, वजन पायांवर दिलं. पुढचा कातळ कधी संपला कळलंच नाही.

खाली उतरलो तर संज्या सवयीनं गाठ सोडायला पुढं आला.

"ऱ्हाऊ दे गड्या," म्हटलं, आणि माझी गाठ मीच सोडली. संज्यानं दोर गुंडाळायला घेतला.

खरं सांगा मंडळी, खाली उतरल्यावर तुमची गाठ कोण सोडतं?