गुरुवारचं पोट

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एसीच्या फिल्टरमधल्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. वर्षभर कुणी बघत नाही. एक दिवस जाळी काढली की कळतं, अरे बापरे, आपण हे सगळं श्वासातून आत घेत होतो!

आमची जाळी म्हणजे सावंतची गाडी. इथे आखातात आम्ही राहतो त्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीतून दुखानच्या ऑफिसला रोज जाऊन-येऊन. मधे वाळवंट, आणि वाळवंटात बघण्यासारखं काही नाही. म्हणून मग बोलायचं. पूर्वी आम्ही चौघे होतो. चौथ्याला कंपनीनं घरी पाठवलं, तेव्हापासून तिघेच. गाडी चालवणारा सावंत, कुडाळचा. मागे देवधर, इन्स्पेक्शन इंजिनीअर, पुण्याचा. आणि पुढच्या सीटवर मी, ज्याला काम कमी आणि तोंड जास्त.

बाकी गप्पा अनेक विषयांवर व्हायच्या. पण प्रोजेक्ट संपत आला आणि माणसं कमी व्हायला लागली, तसा आमच्या गाडीत एकच विषय उरला. पोट!

* * *

आधी आमच्या ऑफिसची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. त्यामुळे कुणाला काढायचं असलं की गुरुवारी, जेवणानंतर काढतात. म्हणजे सुट्टीत माणूस घरी रडून घेतो, रविवारी ऑफिसला त्रास नको. फोनवर सांगत नाहीत, समोर बसवून सांगतात. हे काम एचआरच्या थॉमसकडे. केरळचा, सभ्य माणूस. तो वर बोलावतो, खुर्ची देतो, पाण्याची बाटली पुढे करतो आणि मग सांगतो. बाटली कुणी पीत नाही. पण हातात धरून खाली येतात.

त्यामुळे गुरुवारी दुपारी जिन्यावरून कुणी बाटली घेऊन उतरला, की संपलं. खलास!

एका गुरुवारी सावंत रजेच्या अर्जावर सही घ्यायला वर गेला. थॉमसनं सवयीनं बाटली दिली. सावंत उतरला, रमतगमत, वाटेत दोघांशी बोलत. जागेवर पोचतो तर चाकांची खुर्ची गायब! शेजारच्यानं ओढून नेली होती, कारण त्याच्या खुर्चीचं एक चाक तुटलं होतं. एका फिलिपिनो पोरीनं सावंतला मिठी मारली आणि रडायला लागली. ड्रॉइंग सेक्शनचा म्हातारा हात हातात घेऊन म्हणाला, "जो होता है, अच्छे के लिए होता है." आणि देवधर, जो सावंतचा जिगरी दोस्त, तो बाटली दिसल्याबरोबर उठून टॉयलेटकडे पळाला होता.

सावंत मधोमध उभा राहून ओरडला, "अरे मेल्यांनो, माका तान लागली हुती! माजी खुर्ची खंय गेली?"

खुर्ची मिळाली. तुटक्या चाकाची.

* * *

देवधरचं हे असं. त्याची भीती डोक्यात शिरत नाही, थेट पोटात उतरते.

आणि भीतीला कारण होतं. त्याची मुलगी ईशा इथेच बारावीला. बापाची नोकरी गेली की घरच्यांची रेसिडन्सी, म्हणजे इथे राहण्याचा परवाना गेला, घर गेलं, आणि पोरीला ऐन परीक्षेच्या तोंडावर उचलून परत न्यायचं. त्यात नोकरी धोक्यात आहे हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. "एकदा तिची परीक्षा होऊ दे," म्हणायचा. "मग काय व्हायचं ते होवो."

दुखानच्या रस्त्यावर त्याला प्रत्येक पेट्रोल पंप पाठ. पंपांच्या मधलं अंतर त्याला पेलायचं नाही, तेव्हा मशिदी. मशिदीबाहेर हातपाय धुण्याची जागा असते, बाजूला स्वच्छ संडास असतात. कुणी अडवत नाही. देवधर तिथे जाऊन यायचा आणि दारातून मनापासून नमस्कार करायचा.

एकदा तो बाहेर आला तो पांढराफटक. सावलीत एक म्हातारे अरब गृहस्थ बसले होते. त्यांनी याचा चेहरा बघितला, हाताला धरून शेजारी बसवलं, खजूर दिला, कपाळाला हात लावून बघितला. मग गाडीतून लबान आणलं. लबान म्हणजे आपलं ताक, पण दाट आणि गार. एक बाटली संपली. त्यांनी दुसरी उघडली. देवधरनं तीही संपवली.

गाडीत बसल्यावर सावंत म्हणाला, "अरे, नको म्हणून सांगायचं!"

देवधर म्हणाला, "कसं सांगू? गेल्या सहा महिन्यांत 'तुला काय होतंय' असं विचारणारा पहिला माणूस भेटला."

पुढच्या पंपावर सावंतनं न सांगता गाडी वळवली.

* * *

शेवटी आम्हीच त्याला डॉक्टरकडे ढकललं. इजिप्तचे डॉक्टर, जाडजूड, दाराएवढे. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, नळी आत घालून बघितलं. सगळे रिपोर्ट समोर मांडले आणि म्हणाले, "मिस्टर देवधर, तुमचं पोट उत्तम आहे. तुमचा मॅनेजर कोण आहे?"

गोळ्या दिल्या थोड्या. बाकी सांगितलं ते असं: कॉफी बंद, थोडं थोडं खा, चाला, पोटातून सावकाश श्वास घ्या, आणि घरी बायकोशी बोला.

देवधरनं बायकोशी बोलणं सोडून बाकी सगळं केलं. गाडीत मागे बसून तो असा श्वास सोडायचा की सावंतला वाटायचं टायरमधली हवा चाललीय. दोनदा तर त्यानं खरंच उतरून चाकं बघितली. तिसऱ्यांदा उतरला नाही. सिग्नलला मी बघितलं, सावंत स्वतःच पोट फुगवून श्वास घेत होता.

"तू कशाला?" मी विचारलं.

"एसी बरो चलता काय बघतंय," म्हणाला.

* * *

आता घरची गोष्ट. देवधरच्या बायकोला, वैशालीवहिनींना वाटायचं, दोष जेवणात आहे. त्यांनी तेल बदललं. मग कणीक. मग लोणच्याची बरणी फेकली. आईनं पुण्याहून पाठवलेला मसाला शेजारणीला देऊन टाकला. ओवा, हिंग, जायफळ, डाळिंबाची साल, सगळं झालं. नवरा वाळतच होता.

एक दिवस त्यांचा मला फोन. "भाऊजी, खरं सांगा. हा बाहेर काही खातो का?"

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर देवधरनं तोंडाला कुलूप घातलेलं. काहीच नाही म्हणावं तर ही बाई उद्या त्याला नव्या स्पेशालिस्टकडे नेणार. माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोललो.

"वहिनी, शावर्मा."

देवधरांच्या घरात अंड्याचा केकसुद्धा येत नाही! "चिकनचा?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मिक्स," मी म्हणालो. एकदा सांगायचंच, तर नीट सांगावं.

त्या रात्री देवधरवर काय कोसळलं असेल ते असेल. सकाळी गाडीत बसला आणि मला म्हणाला, "थँक यू."

"थँक यू काय? शिव्या घाल की!"

"नाही रे. मी कबूल केलं सगळं. म्हटलं, चुकलो, सवय लागली. ती रडली, पण सुटल्यासारखी झोपली. शावर्म्यानं पोट बिघडलं हे तिला सोसतंय. दुसरं सोसलं नसतं."

महिनाभर वहिनी त्याच्याशी तुटक वागल्या. मग एका दुपारी त्यानं डबा उघडला, तर फॉइलमध्ये गुंडाळलेला, पनीरचा, घरी केलेला शावर्मा! आत काकडी, लसणाची चटणी, सगळं साग्रसंगीत. वर चिठ्ठी नाही, काही नाही.

देवधरनं तो पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत रडत खाल्ला. त्या दिवशी त्याला पचलाही!

* * *

परीक्षा जवळ आली तशी ईशाची पण तीच तऱ्हा. शेवटी मुलगी कुणाची! फ्लॅटमध्ये बाथरूम एक आणि घाबरलेले दोघे. सकाळी आत ईशा, बाहेर देवधर एका पायावरून दुसऱ्या पायावर.

तरी बाप तो बापच. बाहेरून तिला धीर द्यायचा. "ईशू, डोळे मीट. पोटातून श्वास घे. सावकाश सोड. हे फक्त टेन्शन आहे, पोट ठीक आहे तुझं."

आतून ईशा म्हणाली, "It's not working, Baba."

"होईल. मलाही होतं. मी रोज करतो."

मग आतून प्रश्न आला, "Baba, what are you scared of?"

देवधरनं विचार केला आणि म्हणाला, "फिजिक्स."

* * *

आता शेवटचा. हा मी अजून कुणाला सांगितलेला नाही, सावंतलाही नाही.

ईशाचे पेपर सुरू होते, आणि गुरुवार होता. दुपारी जेवण कुणाला गेलं नव्हतं. देवधर फोन टेबलावर ठेवूनच टॉयलेटमध्ये जाऊन बसला. त्याचं म्हणणं असं की माणूस सापडला नाही तर त्याला काढता येत नाही. ओळीत तीन संडास. पहिल्यात तो. तिसऱ्यात, आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी. गुरुवार मलाही असतो.

एवढ्यात कुणीतरी धावत आलं, मधल्यात शिरलं आणि कडी लावली. मग देवाचा धावा करत कण्हणं ऐकू आलं. "दैवमे... दैवमे..."

देवधरला राहवलं नाही. दुसऱ्याचं पोट दुखलं तरी याचं कळवळतं. "आर यू ओके?"

"कौन है?" मधून आवाज आला. थॉमस!

मी श्वास धरला. देवधरनंही आवाज ओळखला असणार. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सावंत."

"सावंत, तुम डरो मत," थॉमस म्हणाला. "तुम्हारा नाम नहीं है. घर जाओ, आराम करो. मेरे को देवधर चाहिए. डेस्क पे नहीं है. तुम देखा उसको?"

वर एक्झॉस्ट फॅन फिरत होता.

"देखा, सर," देवधर म्हणाला.

"किधर है?"

"उसका पेट खराब है. आज मत बोलो. मंडे को बेटी का लास्ट पेपर है, उसको घर में कुछ पता नहीं चलना चाहिए. और देवधर को चेहरा छुपाना नहीं आता, सर. पेपर हो जाए, उसके बाद बोलो."

"मॅनेजर को मैं क्या बोलूं?"

"बोलो, मिला नहीं."

मधून थॉमसनं नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"हर थर्सडे मेरा भी पेट खराब होता है, सावंत," तो म्हणाला. "घर में बोलता हूं, कॅन्टीन का खाना."

"दही-चावल खाओ, सर."

"ठीक है. देवधर मिला नहीं. तुमको मिले तो बोलना, बेटी का पेपर अच्छा जाए."

"बोलूंगा."

पाणी सोडल्याचा आवाज झाला. कडी निघाली. बूट दोन पावलं गेले आणि थांबले.

"और वो लास्ट वाले में कौन है?"

मी दोन्ही पाय हळूच वर उचलून घेतले.