नागाचे घर

श्रीगजाननाला आणि आमच्या वैनगंगामाईला वंदन करून, आज नागपंचमीच्या दिवशी, एका विणकराचे स्मरण करीत आहे.

कुणी कशाचीही थोरवी सांगू लागले की तो एक डोळा बारीक करी, सुताचा पीळ पाहावा तसा अंगठा बोटांवर घाशी आणि विचारी, "ते झालं जी. पन खोट काय त्याची?" नवा बैल असो, नवा जावई असो की नवा आमदार, प्रश्न हाच. वाचकहो, अशी माणसे आपणही पाहिली असतील.

अड्याळला मी संस्कृत शिकवीत असे. त्याचा माग माझ्या ओसरीसमोरच होता. आणीबाणी उठली त्या वर्षी, उन्हाळ्याच्या अखेरीस, तो एक विलक्षण काम घेऊन आला. त्याच्या अकरा वर्षांच्या लेकीचे पाय पोलिओने लहानपणीच गेले होते; ती घरात हातांवर सरपटत फिरे. तिच्यासाठी त्याने एक खेळ योजला होता. मागावर विणलेला पट, कवड्यांचे दान, आणि आरंभी प्रत्येकाने आपले कूळ निवडायचे. राक्षस व्हायचे की वानर, यक्ष की गंधर्व, आणि खेळ संपेपर्यंत तसेच बोलायचे, तसेच वागायचे. पटाच्या कडेने एकेका कुळाचे घर विणलेले होते.

"अडानी मानूस मी," तो म्हणाला. "कोनते कूळ घ्याचे, ते शास्त्र पाहून सांगा. तुम्ही म्हनाल तेच पटावर राहीन."

आठ-दहा संध्याकाळी आम्ही त्यावर बसलो. बळ मी सांगायचे, खोट त्याने शोधायची. राक्षसाला दिवसा दिसत नाही. यक्षाला गाठोडे सोडवत नाही, म्हणून नदी उतरता येत नाही. गंधर्व गाणे ऐकले की चाल विसरतो. देवांना मात्र त्याने बाहेरच काढले. "ज्याले खोटच नाही, त्याच्यासंगं कोन खेळन जी?"

"मग माणूस तरी घ्या," मी हसून म्हणालो.

"घेऊ न. खोट तर ढीगभर हाय. बळ काय लिहू?"

"पाहून सांगतो."

शेवटचे घर नागाचे. हिरव्या-काळ्या सुतात फणा उठवला होता. साऱ्या पटावर तेवढे सुबक काम दुसरे नव्हते. पण मी थबकलो. श्रावण तोंडावर आला होता. ज्याला आपण दूध-लाह्या वाहतो, त्याला कवडीच्या दानावर मारायचे?

"हे घर काढा," मी म्हणालो. "पूजेचे दैवत खेळात नको."

त्याने प्रथमच खोट विचारली नाही. "पोरीनं तेच निवडलं हाय, गुरुजी."

"तिला गंधर्व द्या."

"हो जी."

दुसऱ्या दिवशी तो पट मांडीवर घेऊन सुईने नागाचा एकेक धागा काढताना मला दिसला. लेक शेजारी बसून सुटलेले सूत बोटाला गुंडाळीत होती.

"काहून काढून राहिले, बाबा?"

"गुरुजी म्हनते, चालत नाही."

पुढे गल्लीतली मुले तिच्या खाटेभोवती जमून खेळत. कुणी राक्षस होऊन ओरडे, कुणी वानर होऊन दात दाखवी. ती स्वतः कधी खेळली नाही. विचारले तर म्हणे, "मी पाहतो न."

दिवाळीपूर्वी तापाने ती गेली. तेरवीनंतर तो घडी घातलेला पट घेऊन आला. "तुमच्याजवळ ठेवा जी. माझ्यानं पाहवत नाही."

जे मी आषाढातच विचारायला हवे होते, ते तेव्हा विचारले. "तिला नागच का हवा होता?"

त्याने अंगठा बोटांवर घासला.

"पोट्टे तिले लंगडी म्हनत. ती म्हने, बाबा, नागाले पाय नाही, तरी त्याले कोनी लंगडा म्हनते काय?"

नागकन्या मानवांच्या घरी नांदल्याच्या कथा मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. नागाचे घर काढा म्हणालो त्या संध्याकाळी त्यांतली एकही मला आठवली नव्हती. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर त्याने मागावर आकृती म्हणून उठवली नाही. साधे पंचे विणले. पुढे तेही थांबले. नागपूरला भावाकडे निघाला, तेव्हा एस.टी.च्या खिडकीतून त्याने विचारले, "गुरुजी, मानसाचं बळ सापडलं काय?"

"नाही."

"पाहत राहा जी," तो म्हणाला, आणि गाडी सुटली. दोन वर्षांनी तो गेल्याचे कळले.

आज पाटावर नागाचे चित्र न काढता मी तो पट उलगडला. धागे काढलेल्या जागी कापड विरळ आहे. उजेडात धरले की फण्याचा आकार अजून ओळखू येतो. तिथे लाह्या वाहिल्या. हात जोडले, पण मागावे असे काही सुचले नाही.

वाचकहो, आपल्या घरच्या लेकरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांनी काही मागितले, तर नाही म्हणण्यापूर्वी 'का' एवढे विचारण्याची बुद्धी ईश्वर आपणांस वेळेवर देवो. मला ती तेरवीनंतर मिळाली.