डाळमिलचा भोंगा आणि शिंदखेड्याचे पाहुणे

आता काय सांगू तुम्हाला, स्वतःच्याच घरात चोर म्हणून पकडला गेलेला माणूस तुम्ही पाहिलाय का कधी? नाही ना? मग चहा खाली ठेवा आणि माझ्याकडे नीट बघून घ्या.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि बायको निघाली धुळ्याला, माहेरी. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत चोरी झालेली. गेलं काय, तर गच्चीवरचा पितळी हंडा! पण बातमी अशी पसरली, जणू सराफ बाजारच लुटला.

रिक्षात बसता बसता बायको म्हणाली, "अहो, बाहेर जाल तेव्हा नानांना सांगून जात जा. ते लक्ष ठेवतील."

झालं! विज्ञानाचा मास्तर मी, आणि माझ्या घरावर लक्ष कोण ठेवणार, तर शेजारचे, एसटीतून रिटायर झालेले नाना? छे! मी ठरवलं, बायको परत यायच्या आत घराला चोरघंटा बसवायची. स्वतःच्या हातानं!

भंगार बाजारात गेलो, तिथे एका बंद पडलेल्या डाळमिलचा भोंगा दिसला. पाहताक्षणी प्रेमातच पडलो.

भंगारवाला म्हणाला, "मास्तर, हाऊ भोंगा शे, घंटी नही. घरमा लावशात?"

"तू वजन कर," मी म्हणालो. मास्तरांना शहाणपण शिकवायचं नसतं.

आता खरी गंमत ऐका. मी म्हटलं, चोरघंटा आहे हे गल्लीला कळलं, तर चोरालाही कळणार. म्हणजे काम गुपचूप व्हायला हवं. (गुपचूप! भोंगा!) म्हणून भर दुपारी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, मागच्या बोळातून घरात शिरलो आणि खिडक्या लावून घेतल्या. मित्राकडून ड्रिल मशीन आणलेलंच होतं.

आमची आणि नानांची बैठकीची भिंत एकच. एका विटेची. पलीकडे नानांना शिंक आली, तर अलीकडे आम्ही 'सत्य आहे' म्हणायचो, इतकी पातळ. आणि तो अवजड भोंगा टांगायला मी निवडली नेमकी तीच.

आता त्या भिंतीच्या पलीकडे काय चाललं होतं? ते मला नंतर कळलं.

नानांची सुमन. दवाखान्यात नर्स, हुशार पोरगी, पण बोलायला फटकळ. स्थळं यायची, पोहे खायची, 'कळवतो' म्हणून जायची आणि कळवायची नाहीत. नाना त्या काळजीनं निम्मे झाले होते. कुणी तरी खोडा घालतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. म्हणून या वेळी गल्लीत कुणाला पत्ता लागू न देता शिंदखेड्याची मंडळी बोलावलेली. मला सांगितलं नाही. मी तरी त्यांना कुठे सांगितलं होतं? एका विटेच्या दोन बाजूंना दोघं आपापलं गुपित कुरवाळत बसलो होतो!

पलीकडे मुलाचे वडील, आबा, विचारतात, "काय नाव शे तुमचं, बाई?"

सुमन तोंड उघडते. अलीकडून मी, घर्रर्रर्र!

"शिक्षण किती व्हयनं?"

घर्रर्रर्र!

मुलगा तर येऊन बसल्यापासून मुका. मान खाली. आणि मुलीचा आवाज काही ऐकू येत नाही. नानांना घाम फुटला.

आबांनी विचारलं, "शेजारी कोन राहास?"

"मास्तर राहतात. पण घराला कुलूप आहे," नाना म्हणाले आणि स्वतःच दचकले. कुलूप आहे, तर भिंत कोण फोडतंय?

तेवढ्यात कॅलेंडरच्या बाजूनं माझ्या ड्रिलचं टोक बाहेर आलं. आणि पलिस्तराचा पोपडा सुटला तो थेट आबांच्या पोह्यांत!

सगळे थिजले. आणि तो मुका मुलगा, प्रकाश त्याचं नाव, उठला, मागच्या दारानं धावला आणि भिंतीवरून आमच्या अंगणात उडी टाकली.

इकडे मी कसा होतो, सांगू? अंगात बनियन, नाकातोंडाला बांधलेला टॉवेल, त्याच्या आत दातांत धरलेले चार स्क्रू आणि डोक्यापासून पायापर्यंत चुना. मागच्या दारातून बघतो, तर एक अनोळखी दांडगा तरुण माझ्या अंगणात! भर दुपारी! चोर!!

मी जमिनीवर जोडून ठेवलेल्या भोंग्याचं बटण दाबलं.

अहो, तो आवाज! मागच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या, चालू डाळमिलमधली माणसं सुट्टी झाली समजून हातपाय धुवून बाहेर पडली म्हणे! आणि बटण अडकलं. भोंगा थांबेचना. प्रकाशनं मला आडवा पाडला आणि माझ्याच वायरनं माझे हात बांधले.

"कोण आहेस? बोल!"

काय बोलणार? तोंडात स्क्रू!

मागच्या बोळानं मंडळी जमली. आबा काठी उगारून ओरडत होते, "धरी ठेव त्याले! चोर शे चोर!" मागून नाना आले, त्यांनी टॉवेल ओढला आणि कपाळावर हात मारला. ते 'अहो, हे तर आमचे मास्तर' म्हणत होते, पण भोंग्यापुढे ऐकतो कोण? आबांची काठी वरच!

तेव्हा सुमन आत आली. नवी साडी वर खोचून स्टुलावर चढली आणि मेनचा फ्यूज ओढून काढला.

त्या शांततेत तिनं प्रकाशकडे पाहिलं. "काठीही न घेता आलात? भीती नाही वाटली?"

"वाटली ना," तो म्हणाला. "पण भोक तुमच्या घरात पडलं होतं."

त्याच्या तोंडून निघालेलं हे त्या दिवसातलं पहिलं धड वाक्य. सुमन खाली बघून हसली. फटकळ सुमन, खाली बघून!

मी स्क्रू थुंकले आणि बांधलेल्याच हातांनी नानांचे हात धरले. "नाना, माझ्यामुळे तुमच्या पोरीचं..." खरंच सांगतो, रडू आलं मला. नाना नुसते आबांकडे बघत होते.

आबांनी काठी खाली ठेवली. "आम्हना पोऱ्या घरमा बी इतलं बोलत नही," ते म्हणाले. "आणि पोरगीनं सगळास्ना आधी डोकं चालाडं. नाना, दुसरे पोहे करा. यान्हामा चुना शे."

पुढच्याच महिन्यात विहारात लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत आबा एकेका पाहुण्याला धरून आणायचे आणि मला दाखवायचे, "हाऊ तो चोर!" नवरदेवापेक्षा जास्त माणसं मला बघून गेली.

शेवटी धुळ्याहून आलेल्या एका पाहुणीनं माझ्या बायकोला काळजीनं विचारलं, "तुमच्या गल्लीत चोरांचा फार त्रास आहे का हो?"

बायकोनं माझ्या पानात जिलेबी वाढली आणि म्हणाली, "नाही हो. आजवर एकच सापडलाय. त्याला जेवायलाही मीच वाढते."