तारांच्या पाण्याची आमटी

माझ्या बायकोच्या हातची कटाची आमटी एका होळीला इतकी उत्तम झाली, की त्यानंतर तिला दर होळीला त्या आमटीवरून ऐकून घ्यावं लागलं. त्या आमटीत कट नव्हताच. हे मला एकट्याला माहीत होतं, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर असलं काही पोटात ठेवू नये असं वाटायला लागलं आहे.

मी बेस गिटार वाजवतो. खडकीला कारखान्यात होतो तेव्हा कामगारांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. निवृत्तीनंतर हडपसरला फ्लॅट घेतला, तर इथेही आमच्याच वयाच्या लोकांनी एक ऑर्केस्ट्रा काढलेला. बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि ती वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मला ते सोयीचं पडतं. पण त्या वर्षी रंगपंचमीच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या आणि आमचे मुख्य गायक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, गाणं थांबवून म्हणाले, "तुम्ही वाजवताय ना? नाही, बोटं हलताना दिसतात म्हणून विचारलं."

त्यांचं खरं होतं. तारा माझ्या नोकरीच्या काळातल्या. त्यांच्या वेटोळ्यांत इतक्या वर्षांचा घाम, तेल आणि तालमीच्या मध्यंतरातला चिवडा जाऊन बसला होता. ओल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज यायचा. बेसच्या तारा भलत्या महाग असतात, आणि पेन्शनीतून तारा घेतो म्हटल्यावर घरात जे ऐकावं लागलं असतं ते त्याहून महाग पडलं असतं. मग मोबाइलवर एक उपाय सापडला: तारा काढा, पाण्यात उकळा, खडखडीत वाळवा, परत चढवा. मळ सुटतो आणि काही आठवडे तरी आवाज खणखणीत होतो.

मी यासाठी होळीची सकाळ निवडली. गॅसवर दुसरं काही चढवायचं असलं की त्या दिवशी कुणाचं लक्ष जात नाही, असा माझा हिशोब.

बायकोने पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी निथळून घेतलं होतं. हेच पाणी म्हणजे कट, आणि यावरच आमटी होते. तो कट पातेल्यात झाकून ती नारळ आणायला खाली गेली. मी लगेच त्या पातेल्याच्या जोडीचं दुसरं पातेलं काढलं. ही पातेल्यांची जोडी माझ्या थोरल्या बहिणीने आमच्या लग्नात दिलेली. दोन्हींवर तिचं नाव कोरलेलं, कारण ताईने दिलेली वस्तू ताईने दिली आहे हे विसरायची सोय नसते. तारा उकळल्या. पाणी पिवळट तपकिरी झालं, वर हलकासा तवंग. सांडशीने तारा बाहेर काढून त्या पातेल्यावरही झाकण ठेवलं, तारा फडक्याने पुसल्या, मग पुरावा नको म्हणून पातेलं सिंकमध्ये ओतलं, घासून पालथं घातलं आणि तारा बाल्कनीत दोरीवर टाकायला गेलो.

तेवढ्यात खडकीहून ताई आली. तिने दोरीकडे बघून विचारलं, "हे काय?"

"तारा," मी म्हणालो.

"हडपसरात चिमटे मिळत नाहीत का? काय लोंबतंय ते."

मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो आणि सिंकच्या जाळीत मला शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे चार-सहा दाणे दिसले. तारांच्या पाण्यात डाळ नसते. मागे वळलो तर नारळ घेऊन परत आलेली बायको दुसरं पातेलं फोडणीत रिकामं करत होती.

"अहो, कट कसा गढूळ पाण्यासारखा झालाय," ती हळूच म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. पण बाहेर ताई बसलेली. तिच्या कानावर गेलं असतं तर साऱ्या नातेवाइकांत ते माझ्या गिटारपेक्षा जोरात वाजलं असतं. मी म्हणालो, "डाळच तशी आली असेल."

आमच्याकडे नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखत नाहीत. त्यामुळे बायकोला सगळं नजरेनेच सावरावं लागलं. तिने दोन मुठी शिजलेली डाळ घोटून घातली, सुकं खोबरं खरपूस भाजून वाटून घातलं, चिंच वाढवली, गूळ वाढवला, ताईने आणलेला गोडा मसाला घातला आणि उकळी येईपर्यंत हलली नाही. मग नैवेद्य दाखवला. देवाची काही तक्रार आली नाही.

ताई एक वाटी प्यायली, दुसरी मागितली, तिसरी स्वतःच वाढून घेतली. "आज जमली," ती म्हणाली. "मसाला माझा आहे." मी पित्ताचं कारण सांगून ताकावर भागवलं. रंगपंचमीला माझ्या तारा अशा वाजल्या, की गायक म्हणाले, "आज ऐकू आलात. जरा हळू."

माझं काम झालं. बायकोच्या मागे मात्र पीडा लागली. दर होळीला ताई वाटी तोंडाला लावायची आणि म्हणायची, "छान आहे. त्या वर्षीसारखी नाही." बायकोने वाणी बदलला, डाळ बदलली, शेजारच्या मांजरी गावाहून खास गूळ मागवला. ताईकडून मसाला मागून घेतला, आणि तो मागताना जे ऐकावं लागलं तेही ऐकलं. कट दाट झाला, सुरेख झाला, आणि आमटी दर वेळी नुसतीच चांगली झाली. यंदा होळीच्या आधी डाळ निवडता निवडता ती म्हणाली, "आमटी नाही करणार या वेळेपासून. दुधाशी खा पोळी. मला ते जमत नाही आता."

जन्मभर दुसऱ्यांना आमटी शिकवलेल्या बाईने हे म्हटल्यावर मी समोर स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं.

तिने ताट बाजूला ठेवलं. "तारा आधी धुतल्या होत्या?"

"धुवायलाच उकळल्या होत्या."

"आणि मी तो नैवेद्य दाखवला."

"हो."

"वन्सं तीन वाट्या प्यायल्या."

"हो."

एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे की काय म्हणून मी घाबरलो. ती हसत होती. हसून झाल्यावर रागावली, आणि राग बराच वेळ टिकला. ते पातेलं तेव्हाच माझ्या नावे झालं, वर कुणाचंही नाव कोरलेलं असो. मग ती थांबली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे नुसत्या पाण्यावर केली होती मी ती."

यंदाच्या होळीला तिने कट बाजूला ठेवला. नळाचं स्वच्छ पाणी घेतलं आणि तेव्हासारखं सगळं नजरेने घातलं. ताईने घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "ही ती," ती म्हणाली. "माझा मसाला ना?"

"नाही वन्सं, तुमचा संपला. हा दुकानातला. कटही नाही घातलाय, नुसतं पाणी आहे."

ताईने पुन्हा वाटीत डोकावून पाहिलं. "मग इतकी वर्षं कट कशाला घालत होतीस?"

मी तोंड उघडलं. टेबलाखाली बायकोची टाच माझ्या पायावर पडली आणि तिथेच राहिली. "वाढू का अजून?" तिने ताईला विचारलं. ताईने वाटी पुढे केली.

तर बायकोचा हिशोब चुकता झाला, माझा राहिला. मी लिहिलेलं सगळं ताई चष्मा लावून वाचते आणि फोन करून शुद्धलेखनाच्या चुका सांगते. त्यामुळे ती इथवर पोहोचली असणार. ताई, फोन मलाच कर, तिला नको. आणि पुढच्या होळीला नक्की ये. तारा मी हल्ली बाल्कनीत वेगळ्या शेगडीवर उकळतो, तुझ्या नावाच्या पातेल्यात.